मास्तरांची कोंबडी, ड्रायव्हरबाईंचं चिकन

मास्तर स्टुलावरून पडले त्या दिवसापर्यंत त्या घरातला गॅस पेटवायचा मान फक्त त्यांचाच होता.

मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या खालीच त्यांचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, भिंतभर कापडाचे तागे आणि मोठ्या आरशासमोर एक बुटका चौथरा. त्यावर उभं राहून गिऱ्हाइकं पोट आत ओढायची आणि मास्तर मापाची पट्टी जराशी सैल धरून त्यांची अब्रू राखायचे. त्यांची बायको शहरातली बस चालवायची. आगारात तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणायचे आणि हळूहळू गल्लीतही तेच नाव पडलं.

नवीन लग्न झालं होतं तेव्हा बाईंनी हौसेने एकदा चिकन केलं होतं. मास्तरांनी ते निमूटपणे संपवलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "उद्यापासून स्वयंपाकाचं मी बघतो हं." बाईंना खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांना हायसं वाटलं. तेव्हापासून बाई बस चालवत होत्या, मास्तर शिवत होते आणि रांधत होते. त्यांची लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी या व्यवस्थेला कुणी हात लावला नव्हता.

मग एका दुपारी वरच्या फळीवरचा राखाडी कापडाचा तागा काढताना स्टूल डुगडुगलं, तागा एकीकडे गेला आणि मास्तर दुसरीकडे. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर बसलं.

"हात अजिबात हलवायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"आणि शिलाई?"

"शिलाई नाही."

"आणि स्वयंपाक?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पहिल्या संध्याकाळी बाई ड्यूटीवरून येताना चिकन घेऊन आल्या. कढई तापवली, तेल ओतलं, तुकडे सोडले. मास्तर प्लास्टरचा हात पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"गॅस बारीक कर. इतका नको गं. जरा मोठा. आता उलट. अगं आत्ता नको उलटू! मीठ टाकलंस? कधी? मला दिसलं नाही."

बाईंनी तुकडे उलटले, परत सुलटे केले, गॅस मोठा केला, बारीक केला. शेवटी ताटात जे आलं ते बाहेरून कोळसा होतं. लेकीने एक तुकडा तोडला, आत डोकावून पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

"आई, हे अजून जिवंत आहे."

त्या दिवशी तिघांनी अंडी उकडून पावाबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी बाईंनी धसका घेऊन चिकन इतकं शिजवलं की मास्तर डाव्या हातात सुरी धरून बराच वेळ एका तुकड्याशी झुंजत बसले. "चामडं चांगलं आहे," ते म्हणाले. "चपलेच्या तळाला लावलं तर टिकेल." लेक हसली. बाई हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज कांदा आधी टाक." तेव्हा बाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या.

"अहो, मी गाडी चालवते तेव्हा माझ्या मागे बसभर माणसं असतात. त्यातला एक जरी 'आता डावीकडे घ्या' म्हणाला ना, तर मी गाडी बाजूला घेते आणि त्याला खाली उतरवते. उतरा."

"कुठे उतरू?"

"बाहेरच्या खोलीत."

मास्तर उतरले. पण चिकन त्या दिवशीही बिघडलंच आणि आता दोष द्यायला दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगारात बाईंनी हे सगळं मेकॅनिकच्या कानावर घातलं. मेकॅनिक म्हणजे एक धिप्पाड, खळखळून हसणारी बाई होती. कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं, घरात पोरं चार आणि सासूबाई एक. ती गाडीखाली झोपली होती. तिथूनच तिचा आवाज आला.

"चिकनचं एवढं काय करायचं असतं? काही नाही. आपणच उगाच त्याच्या मागे लागतो. जाड बुडाचं पातेलं आहे ना घरात?"

"आहे."

"मग ऐक. मांडीचे तुकडे घे. मीठ, मिरी, ठेचलेला लसूण चोळ. पातेल्यात जरासं लोणी टाक आणि कातडीची बाजू खाली करून ठेव, छान लाल होऊ दे. मग कांदे टाक, बटाटे टाक, गाजर असेल तर गाजर. अर्धं लिंबू पिळ, सालही आत टाक. घोटभर पाणी. झाकण लाव, गॅस बारीक कर आणि निघून जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा! कपडे वाळत घाल, पाय वर करून बस. पण झाकण उघडायचं नाही. नवऱ्याने सांगितलं तरी नाही."

संध्याकाळी चिकनवाल्याने विचारलं, "छातीचे देऊ?" बाई म्हणाल्या, "मांडीचे." त्याने मान डोलावली. "बरोबर. छातीचे लगेच रुसतात. मांडीचे तुकडे माणसाला सांभाळून घेतात."

बाईंनी मेकॅनिकने सांगितल्याबरहुकूम सगळं केलं, झाकण लावलं आणि खरोखरच गॅलरीत जाऊन कपडे वाळत घातले. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"झाकण उघडून बघितलंस का?"

"नाही."

"खाली लागेल."

"लागू दे."

आणखी थोड्या वेळाने लसणाचा आणि लोण्याचा वास घरभर झाला. मास्तरांना राहवेना. ते पाण्याच्या निमित्ताने आत आले, एक घोट पाणी प्यायले आणि त्यांचा डावा हात हळूच झाकणाकडे गेला. बाईंनी गॅलरीतून येऊन पळीने त्यांच्या बोटांवर टप्पकन मारलं.

"हा एकच हात उरलाय गं माझा!"

"म्हणूनच सांभाळा."

त्या दिवशी मांस हाडापासून आपोआप सुटलं. बटाट्यांनी सगळा रस पिऊन घेतला होता. लेकीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मास्तरांनी पावाच्या तुकड्याने ताट असं पुसलं की ते धुवायचं कामच उरलं नाही. "लिंबू जरा..." ते म्हणाले आणि बाईंकडे बघून थांबले. "लिंबू छान आहे."

तिथून बाईंची गाडी सुटली. पातेलं तेच, झाकण तेच. एका दिवशी त्यात बटाट्याऐवजी धुतलेले तांदूळ टाकले. एका दिवशी टोमॅटो आणि घेवडा. उरलेली हाडं दुसऱ्या दिवशी गाजराबरोबर मंद उकळली की लेकीला आवडायचं तसं पातळ, गरम सूप तयार. गार चिकन हाताने सुटं करून त्यात घट्ट दही, काकडी आणि मिरी कालवून पावात भरलं की सकाळच्या ड्यूटीचा डबा. दिवसभर ब्रेक आणि क्लचवर पाय देऊन आलेल्या बाईंना हे काम आवडायला लागलं. यात कुणी घंटी वाजवत नव्हतं, कुणी सुट्ट्या पैशांवरून भांडत नव्हतं. पातेलं आपलं मुकाट्याने रटरटत असे.

एका संध्याकाळी जेवण तयार झालं तरी मास्तर वर आले नाहीत. बाई खाली गेल्या. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि मास्तर मशीनसमोर नुसतेच बसले होते. डाव्या हाताने मशीनचं चाक थोडं पुढे, थोडं मागे फिरवत होते.

"जेवायला येताय ना?"

"येतो." मग चाक थांबवून ते म्हणाले, "तुमचं बरं चाललंय."

"आमचं म्हणजे?"

"म्हणजे माझ्यावाचून. मला वाटलं होतं, आठवडाभरात तुम्ही दोघी माझे पाय धरायला याल."

असल्या बोलण्यात बाई कधीच पटाईत नव्हत्या. त्यांनी मशीनवरची चिंधी उचलली, घडी केली, परत ठेवली.

"तुमच्यासाठी मोठी तंगडी वेगळी काढून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "गार होतेय."

मास्तर उठले. जिना चढताना बाईंनी त्यांच्या प्लास्टरखाली हात दिला. खरं तर त्याची काही गरज नव्हती.

त्याच आठवड्यात लेकीने बातमी दिली. तिच्या दुकानात एक पोहायला शिकवणारा मुलगा चष्मा करायला आला होता. चष्मा मिळाल्यावर तो परत आला, म्हणाला नंबर बरोबर नाही. मग परत आला, म्हणाला दांडी टोचते. मग म्हणाला, चष्मा पाण्यात पडला. चौथ्यांदा आल्यावर लेकीने त्याला सरळ विचारलं, "तुम्हाला नक्की काय नीट दिसत नाहीये?" तिथून पुढे दोघांचं जमलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बातमी अशी होती की आता त्याचे आईवडील जेवायला येणार होते. लग्नाचं बोलायला.

"वडील काय करतात?" मास्तरांनी विचारलं.

"त्या मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी आहेत."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, आधी नाही का सांगायचं? आचाऱ्याला मी काय वाढू? माझं पातेलं?"

मास्तर मात्र एकदम ताठ झाले. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं नव्हतं. "पातेलं रोजच्यासाठी. या दिवशी भरलेली कोंबडी होणार," ते म्हणाले. "आणि ती मी करणार."

भरलेली कोंबडी ही मास्तरांची खास चीज होती. घरात काही मोठं घडलं की ती व्हायची. लेक पहिल्यांदा पोहायला शिकली तेव्हा, बाईंची नोकरी कायम झाली तेव्हा. अख्खी कोंबडी, आत पावाचा चुरा, परतलेला कांदा, सफरचंदाच्या फोडी आणि अक्रोड. सारण भरून झालं की मास्तर तिचं पोट इतक्या बारीक टाक्यांनी शिवायचे की भाजून झाल्यावर शिवण शोधूनही सापडायची नाही. "टाके दिसले तर मी शिंपी कसला?" असं ते दरवेळी म्हणायचे.

"पण आता टाके घालणार कोण?" बाईंनी विचारलं. "मी सुई धरली तर कोंबडीऐवजी माझं बोट शिवलं जाईल."

"मी घालेन," लेक म्हणाली. चष्म्याचे इवलेसे स्क्रू बसवून तिचा हात स्थिर झालेला होता. "दुपारी लवकर सुटते. बाबांनी सांगायचं, मी शिवायचं."

असं सगळं ठरलं. पण त्या दिवशी दुकानात लेकीची जोडीदारीण आजारी पडली आणि मालकाने लेकीला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. बाईंची सकाळपाळी दुपारी संपायची, तर मोठ्या रस्त्यावर पाण्याची पाइपलाइन फुटली आणि एकामागे एक बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून पुढच्या गाडीच्या पाठीकडे बघत बसल्या आणि मनातल्या मनात कोंबडी शिवत राहिल्या.

घरी मास्तर एकटेच. त्यांनी डाव्या हाताने सारण कालवलं. अर्धं कोंबडीत गेलं, अर्धं ओट्यावर. मग कोंबडी प्लास्टर आणि छातीच्या मध्ये घट्ट दाबून धरली, सुई दातांत, दोरा प्लास्टरभोवती गुंडाळलेला. एवढ्यात दाराची घंटी वाजली. लेक आली असं समजून ते तसेच गेले आणि कोपराने कडी सरकवली.

दारात एक गोल चेहऱ्याचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या मागे एक सडपातळ, शांत बाई.

"मी यांना म्हटलं होतं, इतक्या लवकर कुणी जातं का," त्या बाई घाईघाईने म्हणाल्या.

"सवय हो," गृहस्थ ओशाळून म्हणाले. "रात्रीचं जेवण असलं की दुपारपासूनच माझे पाय घरात ठरत नाहीत."

मास्तरांच्या दातांत सुई असल्यामुळे त्यांना 'या, बसा' म्हणता आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. आचाऱ्यांनी त्यांच्या छातीशी धरलेल्या कोंबडीकडे पाहिलं.

"धरू का?"

मास्तरांनी सुई काढली. "छे छे! तुम्ही पाहुणे." तेवढं बोलताना पकड सुटली, कोंबडी प्लास्टरवरून घसरली, जमिनीवर आपटली आणि टेबलाखाली गेली. व्हायचे व्याही दोघेही गुडघ्यांवर बसले. एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हात घातला आणि टेबलाखाली दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. मग आचारी हसायला लागले. त्यांचं सगळं पोट हलत होतं. मास्तरांनाही हसू आवरेना.

"आमच्या हॉटेलात असं कधी झालेलं नाही हं," आचारी म्हणाले. "म्हणजे झालं तरी आम्ही बोलत नाही."

बाई घरी पोचल्या तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत ती शांत बाई हात मांडीवर ठेवून एकटीच बसली होती. बाईंनी ओळखलं, ह्या विहीणबाई. स्वयंपाकघरात दोन पाठमोरे पुरुष कोंबडीवर वाकले होते. सुई आचाऱ्यांच्या हातात होती.

"अहो, हे काय पोतं आहे का?" मास्तर म्हणत होते. "इतका लांब टाका? उसवा."

"परत?"

"परत. सुई आडवी घ्या. कातडी नुसती उचलायची, ओढायची नाही. असं. आता जमतंय."

"आम्ही तर दोन काड्या खुपसतो आणि मोकळे होतो."

"काड्या!" मास्तरांनी असं तोंड केलं की जणू कुणी कोटाला बटणांऐवजी खिळे ठोकले होते.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं. ओव्हन अजून गार होता.

"ही आत जाणार कधी आणि बाहेर येणार कधी?" त्यांनी विचारलं.

दोघांनीही चमकून मागे पाहिलं. अपराधी चेहऱ्याने आचारी म्हणाले, "तीनदा उसवली हो. पण आता शिवण बघा तुम्ही."

तेवढ्यात लेक आली आणि तिच्याबरोबर तो पोहायला शिकवणारा मुलगा. केस ओले, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी लावलेली. आल्या आल्या तो म्हणाला, "नमस्कार. दुपारपासून पोटात काही नाही." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी जास्त विचार केला नाही. फ्रिजमध्ये उद्यासाठी आणलेले मांडीचे तुकडे होते. त्यांनी जाड बुडाचं पातेलं काढलं आणि गॅसवर ठेवलं. आचाऱ्यासमोर पातेलं वाढायचं म्हणजे आधी त्यांना घाम फुटला होता, पण आता घरात भुकेली माणसं होती आणि भुकेल्या माणसांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक झालं होतं.

लसूण सोलता सोलता त्यांना दारात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. विहीणबाई होत्या.

"मी कांदे चिरू?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर नवऱ्याच्या पाठीकडे गेली आणि आवाज खाली आला. "घरी मला सुरी धरू देत नाहीत. म्हणतात, कांदा असा नाही चिरत."

बाईंनी त्यांच्यापुढे चिरायची फळी सरकवली आणि वर सुरी ठेवली. "चिरा. हवे तसे चिरा."

विहीणबाईंनी कांदे चिरले. एक फोड जाड, एक पातळ, एक तिरकीच. आचाऱ्यांनी आवाजावरूनच ओळखलं असावं, कारण ते वळले, फळीकडे बघितलं आणि त्यांचं तोंड उघडलं.

"व्याहीबुवा," बाई म्हणाल्या, "तुम्ही आपले टाक्यांकडे बघा."

त्यांचं तोंड मिटलं. मास्तरांनी खोकून हसू गिळलं. शेवटी कोंबडी ओव्हनमध्ये गेली आणि बाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढून पातेल्यावर झाकण ठेवलं.

जेवायला बसल्यावर बाईंनी पातेलं तसंच मध्ये आणून ठेवलं आणि झाकण उचललं. वाफेने होणाऱ्या जावयाच्या चष्म्यावर धुकं धरलं. तरी चष्मा न काढताच त्याने चाचपडत ताट पुढे केलं. आचाऱ्यांनी पहिला घास घेतला. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. बाई आपल्या ताटाकडे. आचारी चावत होते, डोळे खाली. मग त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. बाईंच्या मनात आलं, संपलं सगळं. लेकीचं लग्न मांडीच्या तुकड्यावर मोडणार.

"वाढा की अजून," आचारी म्हणाले.

बाईंनी वाढलं.

"तुम्हाला खरं सांगू का?" आचाऱ्यांनी काटा खाली ठेवला. "मला कुणी जेवायला बोलावतच नाही. लोक बिचकतात. बोलावलंच तर बाहेरून मागवतात, म्हणजे माझ्याच धंद्यातल्या कुणाच्या तरी हातचं खायचं. एखाद्या घरात, त्या घरच्या माणसाने रोजच्यासारखं केलेलं चिकन मी शेवटचं कधी खाल्लं, मला आठवत नाही."

"मी करते म्हणते," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "पण तुम्ही करू देत नाही."

लेक आणि जावई एकमेकांकडे बघायला लागले. आचाऱ्यांचा हात ताटापाशी थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता. घरातली एखादी खोली इतकी वर्षं उघडायचीच राहून गेली हे अचानक लक्षात यावं, तसं ते बायकोकडे बघत होते.

"करू देत नाही म्हणजे," ते म्हणाले, "मला वाटायचं, तुला आराम..."

"मला आराम नको असतो दर वेळी."

मास्तरांनी घसा साफ केला. "माझंही तेच हो. हात मोडला म्हणून ही सुटली. नाहीतर अजून मी दारात उभा राहून सूचना देत असतो."

"अजूनही देतात," बाई म्हणाल्या.

"पण आता बाहेरच्या खोलीतून देतो!"

सगळे हसले, विहीणबाईसुद्धा. आचाऱ्यांनी ताटातला एक तिरका, जाड कांदा काट्याने उचलला, नीट निरखून पाहिला आणि खाल्ला. "शिजलाय छान," ते बायकोला म्हणाले. त्या एका वाक्यावर त्या किती तरी वेळ गालात हसत होत्या.

लग्नाचं बोलणं जेवता जेवताच झालं, कुणी मुद्दाम विषय काढला नाही. विहीणबाईंनी विचारलं, "दोघं राहणार कुठे?" बाईंनी विचारलं, "आमची लेक रागावली की तीन दिवस बोलत नाही, चालेल का?" आणि जावई म्हणाला, "मला माहितेय, एकदा झालंय." मग भरलेली कोंबडी ओव्हनमधून बाहेर आली. सगळ्यांची पोटं तट्ट भरलेली होती. पण ती अशी सोनेरी, चकचकीत होऊन ताटात बसली होती की आपसूक सगळे पुढे सरकले.

आचाऱ्यांनी सुरी घेतली आणि कोंबडी उलटीपालटी करून पाहिली. "टाके कुठेत?"

मास्तर नुसते खुर्चीत मागे टेकून बसले.

"अहो, मीच घातलेत हो. मला सापडत का नाहीत?"

"कारण तुम्ही नीट घातलेत," मास्तर म्हणाले. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाचा कोट अंगावर चपखल बसला की ते असेच बोलायचे. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि टेबलाखाली त्यांच्या पायावर आपला पाय ठेवला. प्रत्येकाने सारणाचा एक-एक घास घेतला. उरलेली कोंबडी दोन डब्यांत गेली, एक या घरी आणि एक त्या घरी.

पुढे प्लास्टर निघालं. मनगट थोडे दिवस कुरकुरलं आणि मग मास्तर पुन्हा मशीनवर बसले. पण गॅसचा मान त्यांनी सगळा परत मागितला नाही. आठवड्याचे दिवस बाईंच्या पातेल्याचे आणि मोठे दिवस मास्तरांच्या ओव्हनचे, अशी वाटणी न बोलताच पडून गेली. बाई झाकण लावून गॅलरीत गेल्या की मास्तर बाहेरच्या खोलीत काज करत बसायचे, आणि दर थोड्या वेळाने त्यांचं नाक वर व्हायचं.

एका सकाळी बाईंच्या बसमध्ये पुढच्या दाराने विहीणबाई चढल्या. हातात कापडी पिशवी. पुढच्याच सीटवर त्या बसल्या आणि कुठे उतरायचं ते काही बोलल्या नाहीत. एकेक थांबा येत गेला, माणसं चढली, उतरली, आणि गाडी शेवटच्या थांब्याला लागली. गाडी परत निघायला थोडा अवकाश होता. विहीणबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

"काल मी केलं. एकटीने. बघा बरं."

बाई सीटवरून वळल्या. लाल झालेली कातडी, जाड, पातळ आणि तिरके कांदे. त्यांनी एक तंगडी उचलली, चावा घेतला.

"खरं सांगा हं," विहीणबाई म्हणाल्या.

"मीठ जास्त झालंय."

"हो ना? मलाही वाटलं." त्यांचा चेहरा पडण्याऐवजी खुलला. "यांनी पण तेच सांगितलं. म्हटलं, पुढच्या वेळी कमी घालेन. तर म्हणाले, पुढची वेळ उद्याच असू दे."

बाई हसता हसता खात राहिल्या. विहीणबाईंनीही एक तुकडा घेतला. मागे दोन-तीन माणसं येऊन बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने वासाच्या दिशेने मान लांब केली आणि विचारलं, "बाई, गाडी सुटणार कधी?"

"तंगडी संपली की," बाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.